मुखपृष्ठ नसलेला अंक

परवा स्टेशनजवळच्या पुस्तकांच्या दुकानात काचेमागे आयकेचं नवं पुस्तक मांडलेलं दिसलं. जाडजूड, चकचकीत, वर ठसठशीत नाव: आयके पावेल्चिक. दुकानातली पोरगी म्हणाली, "आजी, ही विज्ञानकथा आहे. तुम्हाला नाही झेपायची." मी म्हटलं, "तू पाळण्यात होतीस ना, तेव्हापासून मी या माणसाच्या कथा वाचतेय." बिचारी गप्प झाली. मला लोकांना गप्प करायची सवय आहे, कारण एकेचाळीस वर्षं मी टपरी चालवली.

जर्मनीतल्या हेर्नेत, कोळशाच्या खाणीच्या फाटकासमोर होती माझी टपरी. बिअर, सिगारेटी, वर्तमानपत्रं, बरण्यांतल्या गोळ्या. आणि वर दोरीला चिमट्यांनी टांगलेल्या साप्ताहिक कथांच्या पातळ पुस्तिका. काउबॉय, डॉक्टर-नर्सची प्रेमं, भुतं, आणि 'ताऱ्यांचे वाटाडे'. नवा अंक गुरुवारी यायचा. जुने उरलेले अंक परत करायची रीत वेगळी होती. कंपनीला अख्खा अंक नको असे. मुखपृष्ठ कात्रीनं कापायचं, ती मुखपृष्ठं बुधवारी गाडीवाल्याकडे द्यायची, आणि उरलेलं धड रद्दीत घालायचं. नियमच तसा होता. मी मात्र ती धडं काउंटरखाली ठेवायची, एका पोरासाठी.

ते पोर नऊ वर्षांचं होतं. खाणकामगार आल्फोन्स पावेल्चिकचं. घरी नाव रोसविता, पण हाक मारली तर ओ देत नसे. केस स्वतःच कापलेले, एका बाजूला जास्त. गोळ्या घेताना रंग मोजून घ्यायचं आणि टांगलेल्या अंकांवरच्या रॉकेटकडे बघत राहायचं. मी एकदा धड हातात दिलं. दुसऱ्या दिवशी परत आलं.

"मावशी, हे कुणी लिहिलंय?"

"मला काय माहीत. नाव कापून पाठवलं."

"मग बाईनं लिहिलं की माणसानं, कळणारच नाही?"

"नाही कळणार."

"छान," म्हणालं, आणि अजून मागायला लागलं.

पुढं सात-आठ वर्षं ते पोर माझ्या टपरीतल्या बिअरच्या क्रेटवर बसून बिनमुंडक्याचे अंक वाचत होतं. सोळाव्या वर्षी संपादकाला पत्र पाठवलं, 'तुमच्या अवकाशजहाजावर कुणी जेवत का नाही?' ते छापून आलं, खाली उत्तरही होतं, 'मग तुम्हीच लिहून दाखवा.' झालं! माझ्या मागच्या खोलीत टाइपरायटरची टकटक सुरू झाली. वाटाण्याचं सूप खाता खाता मला सगळं वाचून दाखवायचं. मला निम्मं कळत नसे, पण त्या दिवसांसारखी मजा मला पुन्हा कधी आली नाही.

एकोणिसाव्या वर्षी एकदा ते वाचता वाचता थांबलं. "मावशी, मी बाई नाही. आणि बुवाही नाही. मला आयके म्हण."

मी म्हटलं, "बरं. आयके, तो कोळसा आत आणून ठेव. ते काम कुणालाही जमतं."

ते इतकं हसलं की त्याला ठसका लागला. घरी मात्र हसण्यासारखं काही झालं नाही. आल्फोन्स म्हणाला, "माझ्या घरात रोसविता जन्मली. दुसऱ्या कुणाला मी ओळखत नाही." आयके बॅग घेऊन कोलोनला गेलं आणि बाप-लेकराचं बोलणं तुटलं.

तीन वर्षांनी आयके 'वाटाडे' लिहायला लागलं. दर तीन आठवड्यांनी एक अंक, पण नाव स्वतःचं नाही. त्या मालिकेचे सगळे लेखक एकाच नावाखाली छापले जात: ब्रॅड कॉर्विन. वाचकांना वाटायचं, हा कुणी अमेरिकन वैमानिक असणार. आल्फोन्सलाही तसंच वाटत असणार, असं मी धरून चालले होते. तो खाणीतून सुटला की अंक घ्यायचा आणि दुसऱ्या आठवड्यात काउंटरवर मूठ आपटून सांगायचा, "लोरे, या वेळचा फक्कड होता! हा कॉर्विन म्हणजे काय माणूस आहे!" मी जीभ चावून गप्प बसायची. 'मावशी, बाबांना सांगू नकोस,' अशी आयकेनं मला शपथ घातली होती. महिन्यातून एकदा आयके यायचं, बाप कबुतरांच्या क्लबात असेल ती वेळ साधून. बापानं केलेली स्तुती मी त्याला कधी सांगितली नाही. स्वतःचं लेकरू नको आणि कुठल्यातरी कॉर्विनवरून जीव ओवाळायचा, हे ऐकून त्याला त्रासच झाला असता.

अशी अकरा वर्षं गेली. मग मालिका बंद व्हायचं ठरलं, आणि शेवटचा अंक आयकेच्या वाट्याला आला. संपादकानं मेहेरबानी केली, म्हणाला, या अंकावर तुमचं नाव छापू.

आयके मुद्दाम आलं. आधी चहा थंड करून टाकला, मग बोललं.

"मावशी, बाबांचा अंक राखून ठेव. तूच त्यांच्या हातात दे. तोंडानं काही सांगायचं नाही, नाव त्यांनी स्वतः वाचू दे. ते इस्पितळातून घरी आले की मला कळव, मग पहिल्या गुरुवारी तीन वाजता मी येतो, येते, काय ते, मी इथं असेन. वाचून माझ्याशी बोलले तर बोलले. नाही तर यापुढे मी हेर्नेत पाय ठेवणार नाही."

तेव्हा आल्फोन्स इस्पितळात होता, छातीत कोळशाची धूळ बसलेली. मी त्याचा अंक खालच्या खणात, परत पाठवायच्या दुसऱ्या अंकांशेजारी ठेवला. बाकीचे चार दिवसांत खपले, गिऱ्हाइकांच्या गळ्यात मीच मारले.

बुधवारी गाडीवाला अर्धा तास आधी आला आणि हॉर्न वाजवत सुटला. माझं डोकं फिरलं. त्याला शिव्या देत मी खण उपसला, कात्री घेतली, चराचरा कापलं, गठ्ठा बांधून त्याच्या अंगावर फेकला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मी खण लावायला वळले. खणात आल्फोन्सच्या अंकाचं धड पडलं होतं. ज्या एका नावासाठी पोरानं अकरा वर्षं वाट पाहिली, ते मी माझ्या हातानं कापून पाठवलं होतं.

गुरुवारी अकरा वाजता आल्फोन्स आला, दर दहा पावलांवर दम खात.

"काढ माझा अंक."

मी धड पुढं केलं.

"हे काय? मुंडकं कुठंय?"

"कापलं. चुकून. मला काही बोलू नकोस, मी स्वतःला पुष्कळ बोललेय."

"शेवटचा अंक, आणि तू..." त्यानं हात झटकला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन वाचत बसला. मी दोनदा कॉफी नेली. त्यानं वर पाहिलं नाही. शेवटचं पान संपल्यावर त्यानं अंक मांडीवर ठेवला.

मग म्हणाला, "पोर चांगलं लिहितं."

"कुठलं पोर?"

"सोंग नको करूस, लोरे. जहाजावरची माणसं पाळी संपली की कपडे साखळीनं ओढून छताला टांगतात. अमेरिकेत कोण टांगतं असं? आम्ही टांगायचो, खाणीत. आणि ती लंगडी कबुतरी, मिंका? ती माझी मिंका. पहिल्या अंकातच कळलं मला."

"अकरा वर्षं? मग बोलला का नाहीस, दगडा?"

"बोलत नव्हतो? त्याचा प्रत्येक अंक वाचून तुझ्या काउंटरवर घसा फोडून सांगत होतो. मला वाटलं, तू पोचवतेस."

मी एक शब्द पोचवला नव्हता.

"कव्हरावर काय होतं?" त्यानं विचारलं.

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. "त्याचं नाव. आयके पावेल्चिक."

"पावेल्चिक?" तो बाकावर माझ्याकडे वळला. "ते ठेवलंय?"

"ठेवलंय."

"मला वाटलं, एक नाव टाकलं तसं तेही टाकलं असेल." त्यानं नाक पुसलं, जरा जास्तच वेळ. "पेन दे."

तीनपर्यंत थांब, एवढं मी आल्फोन्सला सांगितलं होतं. तीन वाजता आयके कोपऱ्यावरून येताना दिसलं. बाप बाकावर दिसल्यावर त्याची चाल मंदावली. मग त्याला बापाच्या मांडीवरचं धड दिसलं आणि त्याचा चेहरा पडला. मी दारात कात्रीसारखी ताठ उभी होते, मला कुठं तोंड लपवू असं झालं होतं.

आल्फोन्सनं उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून बसल्या बसल्याच अंक पुढं केला. पहिल्या पानाच्या डोक्यावर, मोठ्या वाकड्या अक्षरांत, आयके पावेल्चिक.

"अक्षर घाण आहे माझं," तो म्हणाला. "पण नाव बरोबर लिहिलंय ना?"

आयके त्याच्या शेजारी बसलं. त्यानं अंक दोन्ही हातांत घेतला.

"हो, बाबा. बरोबर आहे."