शेवटचा गडी

मोहाळीच्या रस्सीखेच संघात आठ गडी असत. त्यातल्या सातांवरून कधी भांडण झालं नाही. भांडण व्हायचं ते शेवटच्यावरून.

शेवटचा गडी म्हणजे दोराचं टोक काखेतून घेऊन पाठीवर आडवं टाकतो आणि टाचा रोवून मागे रेलतो, तो. पुढचे सात ओढतात. हा ओढत नाही, धरून ठेवतो. पुढच्यांनी मिळवलेली वीतभर जागा परत जाऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. आणि सातांपैकी कुणाचा पाय घसरला, तर तेवढा वेळ सगळा भार त्याच्या एकट्याच्या कमरेवर येतो.

मोहाळीत हे काम कित्येक वर्षं मुखरू करत होता. धानाची थोडी शेती, अंगानं आडवा, बोलायला कमी. पंचावन्न सालच्या हिवाळ्यात त्यानं चाळिशी ओलांडली होती आणि त्याचा उजवा गुडघा सुजायला लागला होता. धान कापून झाल्यावर मोकळ्या बांधीत, म्हणजे धानाच्या रिकाम्या शेतात, सराव सुरू झाला, तेव्हा तिसऱ्या दिवशी तो दोर टाकून खाली बसला. संघ चालवणारा भैयाजी जवळ आला. त्यानं गुडघ्याकडे पाहिलं आणि वारलूला हाक मारली.

वारलू धीवराचा. वय एकोणीस. बाप नव्हता. आई रुखमाबाई तलावातली मासळी बाजारात नेऊन विकायची. तलावात मोठं जाळं ओढायचं तर एका काठावर पाच जण लागत, दुसऱ्या काठावर वारलू आणि आणखी एक. त्या दिवशी त्यानं दोर पाठीवर घेतला आणि सरावाला समोर उभ्या असलेल्या आठांना बराच वेळ जागचं हलू दिलं नाही. बांधावर बसलेली माणसं उठून उभी राहिली.

प्रजासत्ताक दिनाच्या खेळांना संघ जिल्ह्याच्या गावी, चांद्याला जायचा. कोणाला न्यायचं ते ठरवायला माणसं चावडीपुढे जमली. भैयाजीला वारलू हवा होता. संघातला सर्वांत जुना गडी मनसाराम नको म्हणत होता.

"वजन आहे, नाई म्हणत नाई," मनसाराम म्हणाला. "पण कंबर कच्ची आहे. शेवटच्या गड्याची कंबर पंचविशीच्या पुढं पक्की होते. मुखरूले पहिल्यांदा उभं केलं तवा तो दोन लेकरांचा बाप होता."

"मुखरूचा गुडघा पाह्यला का तू? एका झटक्यात बसंल तो."

"बसू दे. हारू. याच्या आधी का हारलो नाई आपण?"

हरण्यापेक्षा जिंकण्याची आठवण सगळ्यांना अडचणीची होती. तीन वर्षांपूर्वी मुखरू तापानं पडला होता आणि भैयाजीनं झिंगूला शेवटी उभं केलं होतं. झिंगू अठराचा. त्या साली मोहाळीनं चांद्याची ढाल आणली. गावात गुलाल उधळला गेला. झिंगू मात्र बैलगाडीतून उतरू शकला नाही, त्याला दोघांनी धरून उतरवलं. तेव्हापासून तो काठी टेकत चालत होता आणि दिवसभर ओट्यावर बसून धीवरांची जाळी विणत होता.

तोही त्या दिवशी चावडीवर आला होता. भैयाजीनं जरा भीतभीतच त्याच्याकडे वळून विचारलं, "झिंगू, तुले काय वाटते?"

झिंगूनं काठी मांडीवर आडवी घेतली. "मले विचारून काय करता? तवा कोणी विचारलं असतं, तं मी होच म्हणलो असतो. वारलूही होच म्हणंल. पोट्ट्याले विचारण्यात काही अर्थ नाई. तुम्हीच ठरवा, अन् ठरवलं तं मंग आम्ही ठरवलं म्हणा."

मनसारामनं मान खाली घातली. भैयाजीनं मुखरूकडे पाहिलं. शेवटी जागा मुखरूची होती, त्याच्या शब्दाला वजन होतं.

मुखरूच्या घरी आदल्या दिवशी रुखमाबाई येऊन गेली होती. त्याच्या बायकोजवळ, गोकुळाजवळ, झिंगे ठेवून म्हणाली होती, "भाऊले सांगजो, यंदा माझ्या पोराले मागं सोडू नका. ढाल आणली तं सोयरीक जमते त्याची." गोकुळाला वाटलं होतं, ही बाई नेऊ नका म्हणायला आली असेल. मुखरूलाही ऐकून नवल वाटलं होतं.

"वारलूले नेऊ," मुखरू म्हणाला. "पण मी संगं येतो. दोराच्या बाजूला उभा राहीन. मी 'सोड' म्हणलो का त्यानं दोर सोडायचा. जिंकत असलो तरी."

"जिंकत असलो तरी?" भैयाजीनं विचारलं.

"हो. हे कबूल असंल तं न्या."

भैयाजीनं कबूल केलं. वारलूनंही कबूल केलं. त्याला त्या घटकेला काहीही कबूल होतं.

पुढचे दिवस मुखरू त्याला बांधीत घेऊन जाई. बाभळीला दोर बांधून मागे रेलायला लावी. "ओढू नको. बस. कंबर वळवू नको, झाडाकडं तोंड असू दे." वारलूला बसून राहायचा कंटाळा येई. ओढणं त्याच्या अंगातच होतं. पण तो ऐकत होता, आणि मुखरूला मनातून तो आवडू लागला होता. आपली जागा जाते आहे याचं वाईटही वाटत होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत्या, आणि त्यानं कोणालाच त्या सांगितल्या नाहीत.

सगळे छोट्या रेल्वेगाडीनं चांद्याला गेले. मैदानावर चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. दोराच्या मध्ये लाल रुमाल बांधला होता. मोहाळीनं पहिले दोन सामने सहज मारले. शेवटचा सामना वरोऱ्याच्या एका जिनिंगच्या संघाशी पडला. ते कापसाच्या गाठी उचलणारे गडी होते, एकेक जण दरवाज्याएवढा.

तीन खेचांपैकी पहिली मोहाळीनं घेतली, दुसरी वरोऱ्यानं. तिसरी खेच लांबली. रुमाल कधी इकडे, कधी तिकडे सरकत होता. भैयाजी बाजूनं हाकारा देत होता. मग रुमाल मोहाळीकडे सरकू लागला आणि लोक ओरडायला लागले.

तेवढ्यात पुढून तिसरा असलेला उमाजी घसरून पडला. त्याच्या पायांत अडकून मागचे दोघे पडले. दोर थरथरला आणि सगळा भार वारलूवर आला. त्यानं धरलं. पण धरताना तो बसला नाही. जोर लावायला त्यानं उजवा खांदा पुढे घातला आणि त्याची कंबर वळली.

मुखरूनं ते पाहिलं. झिंगूच्या वेळी तो नव्हता. पण झिंगूची कंबर कशी वळली होती ते त्यानं चार जणांकडून ऐकलं होतं.

"सोड," तो म्हणाला.

वारलूनं ऐकलं नाही, किंवा ऐकू गेलं नाही. पडलेले तिघं उठत होते.

"वारलू, सोड."

वारलूनं त्याच्याकडे पाहिलं. मग काखेतला दोर ढिला केला. दोर सळसळत पुढे गेला, उठणारे तिघं पुन्हा पालथे पडले आणि रुमाल रेघेपलीकडे गेला. वरोऱ्याची माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली.

भैयाजी धावत मुखरूजवळ आला. "तिघं उठूनच राह्यले होते, मुखरू," तो म्हणाला. "अजून एक श्वास."

"कबूल केलं होतं तू."

"केलं होतं." भैयाजी पडलेल्यांना उठवायला गेला.

वारलू मैदानात तसाच उभा होता. मुखरू त्याच्याजवळ गेला, त्याच्या कमरेला हात लावला. वारलूनं हात झटकला.

"मले दुखत नव्हतं," तो म्हणाला.

"झिंगूलेही तवा दुखत नव्हतं."

"मी झिंगू नाई."



गावात दोन तट पडले. एक तट म्हणाला, मुखरूनं पोराची कंबर वाचवली. दुसरा म्हणाला, जागा गेली म्हणून त्याच्या पोटात दुखत होतं, सोड म्हणायला तो टपूनच होता. रुखमाबाई त्या तटात होती. तिनं गोकुळाला मासळी देणं बंद केलं. झिंगूला कोणी विचारलं तर तो म्हणे, मी तिथं नव्हतो.

होळीनंतर वारलू वरोऱ्याला निघून गेला. जिनिंगच्या मुकादमानं चांद्याच्या मैदानावरच त्याला पाहून ठेवलं होतं. त्याला काम मिळालं, राहायला खोली मिळाली, आणि संघात शेवटची जागाही. मनसाराम म्हणाला, आपणच घडवला अन् आपणच घालवला.

पुढच्या जानेवारीत मोहाळीला दुसरा कोणी मिळाला नाही, म्हणून मुखरूच गुडघ्याला फडकं बांधून उभा राहिला. वरोऱ्याशी गाठ उपांत्य सामन्यातच पडली. दोराच्या त्या टोकाला वारलू होता. दोन्ही खेचा वरोऱ्यानं घेतल्या, फार वेळ लागला नाही. वारलू आता बसत होता. तोंड सरळ, कंबर सरळ, आणि ओढत अजिबात नव्हता.

सामना झाल्यावर तो मोहाळीच्या माणसांत आला. भैयाजीच्या पाया पडला. मुखरू धुळीत बसून फडकं सोडत होता. वारलू त्याच्याजवळ उकिडवा बसला.

"भाऊ, यंदा कोणी सोड म्हणलं नाई मले."

"म्हणायची गरज नव्हती. बरोबर बसून राह्यला तू."

वारलूनं सुटलेलं फडकं उचलून झटकलं. "मागच्या साली मी धरलं असतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

"धरलं असतं," मुखरू म्हणाला. "मंग काय झालं असतं ते मले माहीत नाई. तुलेही नाई."

वारलूनं मान हलवली. त्याला पुढच्या सामन्याची हाक आली तसा तो उठला. जाताना त्यानं आईसाठी घेतलेलं लुगडं मुखरूच्या हाती दिलं आणि उन्हाळ्यात लगन आहे, यायला लागते, असं सांगितलं. पोरगी वरोऱ्याकडचीच होती.

परतीच्या गाडीत भैयाजी आणि मनसाराम पुढच्या वर्षाच्या गड्यावरून वाद घालू लागले. नवरगावहून गावात राहायला आलेला एक पोट्टा होता, वय सतरा, अंगानं भरलेला. मनसाराम म्हणाला, कच्चा आहे. भैयाजी म्हणाला, पाहायला काय जाते. दोघांनी मुखरूकडे पाहिलं.

"आधी दोन वर्षं त्याले सातांच्या मधात उभं करा," मुखरू म्हणाला, आणि दुखरा पाय समोरच्या बाकड्यावर लांब केला.