मायकेनची लाल दोरी

जून उजाडला की उत्तरेकडच्या ग्रानट्रेस्क गावात कुणी कुणाची तब्येत विचारत नाही. विचारतात ते एवढंच, "दोरी सुटली का?"

दोरी म्हणजे मायकेनच्या रोपांच्या दुकानातली, काचघरातली लाल दोरी. टोमॅटो, काकड्या आणि डेलिया ठेवलेल्या मांडणीपुढे मायकेन ती मे महिन्यात बांधते आणि लोखंडी रात्री सरल्याशिवाय सोडत नाही. लोखंडी रात्री म्हणजे जूनच्या तोंडाशी येणाऱ्या त्या दगाबाज रात्री. उन्हाळा आला म्हणून माणसं कोट कपाटात टाकतात आणि सकाळी पाहावं तर दव गोठून गवत पांढरं झालेलं. दोरीच्या अलीकडचं काय हवं ते न्या, कोबी न्या, कांदा न्या, कुंडीतली फुलं न्या. पलीकडचं रोप मागितलंत तर मायकेन कॉफी देईल, दालचिनीचा पाव देईल, थंड मुलखात बाग कशी करावी यावर कान किटेपर्यंत सल्ला देईल. रोप तेवढं देणार नाही. गिऱ्हाइकाला हाकलून देऊनही जोरात चाललेलं दुकान त्या साऱ्या भागात हे एकच.

होल्गरला या दोरीशी कधी काही देणंघेणं नव्हतं. त्याने जन्मभर लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवला होता आणि बागेतलं त्याला फक्त ताटात आलेलं ठाऊक होतं. बाग गुन्वोरची, त्याच्या बायकोची. त्यातही दक्षिणेच्या भिंतीलगतचे पिवळे टोमॅटो म्हणजे तिचा जीव की प्राण. ते बी तिच्या आईने फिनलंडमधून येताना रुमालाच्या गाठीत बांधून आणलेलं. आई गेली, रुमाल गेला, पण टोमॅटो दरवर्षी त्याच भिंतीला लागत होते.

यंदा मात्र गुन्वोरच्या खुब्याचा सांधा बदलायचा होता. तारीख हिवाळ्यातच ठरलेली. शस्त्रक्रियेनंतर व्यायाम करून घ्यायला तिला मिडसमरपर्यंत, म्हणजे जूनअखेरच्या सणापर्यंत, उमेओला बहिणीकडे राहावं लागणार होतं. निघताना तिने होल्गरला स्वयंपाकघराच्या खिडकीतली रोपं दाखवली.

"डबीतलं सगळं बी यंदा पेरलंय," ती म्हणाली. "जुनं झालं होतं, पुढच्या वर्षी उगवलं नसतं. आता जे आहे ते एवढंच. दोरी सुटेपर्यंत यांना बाहेर काढायचं नाही. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय की," होल्गर म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झालेला माणूस जसं ऐकतो तसं त्याने ऐकलं होतं.

मग मे संपता संपता ती चार दिवसांची गरमी आली. सहा-सात महिने बर्फ उपसलेल्या लोकांना ऊन दिसलं की काय होतं ते सांगायला नको. सगळं गाव वेडं झालं. शेजारचा एवाल्ड अर्धी चड्डी घालून आपल्या पांढऱ्याफटक पायांचं प्रदर्शन मांडत फिरू लागला. होल्गर बनियनवर पायरीवर बसून बिअर पिऊ लागला. आणि मागे वळून पाहिलं तर खिडकीतली रोपं काचेला नाक लावून उभी. त्याला त्यांची दया आली. आपण मजेत बसलोय आणि ही बिचारी कोंडलेली!

"लाव की बाहेर," एवाल्ड कुंपणावरून म्हणाला. "मायकेनचं काय ऐकतोस? तिचं चाललं तर ती आपल्यालाही जूनपर्यंत कुंडीत ठेवेल."

होल्गरने सगळी रोपं भिंतीलगत लावली, भरपूर पाणी घातलं आणि स्वतःवर खूश झाला. संध्याकाळी गुन्वोरचा फोन आला.

"टोमॅटो कसे आहेत?"

"मजेत."

"खिडकीतच आहेत ना?"

"हं," होल्गर म्हणाला. हे त्याचं पहिलं खोटं.

त्या रात्री वारा पडला आणि आभाळ निरभ्र झालं. सकाळी होल्गर मोज्यांवरच बाहेर आला तेव्हा गवत पायाखाली कुरकुरत होतं. भिंतीलगत रोपं नव्हतीच, शिजवलेल्या पालकासारखं काळपट काहीतरी मातीवर लोळत होतं. तो तिथेच गुडघ्यावर बसला आणि एकेक देठ उचलून पाहू लागला. एकही जिवंत नव्हता. गुन्वोरच्या आईचं बी सीमा ओलांडून आलं, इतके हिवाळे तगलं, आणि आपल्या हातात एक रात्रही टिकलं नाही, हे त्याच्या मनातून काही केल्या जाईना.

तो मायकेनकडे गेला तर तिथे आधीच तीन बाप्ये खाली मान घालून कॉफी पीत बसलेले. एवाल्डही त्यांत होता. आज लांब पँटमध्ये.

"ये," मायकेन म्हणाली. ती साठीची, दणकट बाई, एप्रनच्या खिशात कायम सुतळी. "तुझंच राहिलं होतं. काय घालवलंस?"

"टोमॅटो."

"गुन्वोरचे?"

होल्गरने मान हलवली. मायकेनने किटली खाली ठेवली. ती आता तोंड सोडणार म्हणून बाकीच्यांनी कपात तोंडं खुपसली, पण तिने त्याच्यासाठीही एक कप काढला.

"मला तसलीच दिसणारी दे," होल्गर हळूच म्हणाला. "कुठलीही. तिला कळायला नको."

"दोरी दिसत नाही का तुला?"

"मायकेन, मी पाया पडतो."

"पडू नकोस, पुन्हा उठवायचं कुणी?" तिने त्याची बाही धरली आणि सगळ्यांच्या देखत दोरी उचलून त्याला आत घेतलं. एवाल्डच्या हातातला पाव कॉफीत पडला.

अगदी मागच्या कोपऱ्यात, टेबलाच्या आडोशाला, सहा ठेंगणी रोपं होती.

"ही एका गिऱ्हाइकाची आहेत. मार्चमध्येच सांगून ठेवलीत. अजून न्यायला आलेलं नाही. विकत नाही हं, सांभाळायला देतेय. गिऱ्हाईक आलं की मुकाट परत करायची."

होल्गर वाकून पाहू लागला. "पानं आमच्या रोपांसारखीच रुंद दिसतात गं."

"टोमॅटो टोमॅटोसारखाच दिसणार, गाजरासारखा नाही. आता कान इकडे कर. आजपासून यांना फिरायला न्यायचं. सकाळी थोडा वेळ सावलीत, मग घरात. उद्या जरा जास्त. मग थोडं ऊन, थोडा वारा. घरात वाढलेलं पोर आहे, एकदम रस्त्यावर सोडायचं नाही. पाणी सकाळी घालायचं, तेही पिंपात ठेवून कोमट झालेलं. भिंतीपाशी काळे दगड रचायचे, दिवसाचं ऊन ते रात्रीपर्यंत धरून ठेवतात. आणि जमिनीत लावायची कधी?"

"दोरी सुटल्यावर."

"पुन्हा सांग."

"दोरी सुटल्यावर," शाळकरी पोरासारखं होल्गर म्हणाला.

तेव्हापासून गावाला करमणूक झाली. रोज सकाळी होल्गर सहा कुंड्या ट्रेमध्ये घालून अंगणात आणायचा, संध्याकाळी परत न्यायचा. एवाल्ड कुंपणावरून विचारायचा, "काय, पोरं झोपली का?" होल्गर दार लावून घ्यायचा. नदीकाठचे काळे दगड ढकलगाडीतून आणता आणता त्याची पाठ धरली. मनात नसताना त्याचा रोपांवर जीव जडत चालला होता. संध्याकाळी त्यांना आत आणताना तो त्यांच्याशी बोलूसुद्धा लागला, म्हणजे इंजिनाशी बोलायचा तसं, थोडं दरडावून.

पण दारासमोरून अनोळखी गाडी गेली की त्याच्या छातीत धस्स व्हायचं. ते गिऱ्हाईक तर नाही? आणि गुन्वोरचा फोन आला की त्याहून जास्त. ती रोज विचारायची आणि तो रोज "मजेत" म्हणायचा. ती आणखी काही विचारत नसे, याचंच त्याला जास्त वाईट वाटायचं.

जूनच्या मध्याला एका दुपारी मायकेनने हात पुसले आणि दोरीची गाठ सोडली. काचघरात टाळ्या पडल्या, पावांचं ताट फिरलं. होल्गर मात्र टाळ्यांना थांबला नाही. त्याने घरी येऊन रोपं भिंतीलगत लावली आणि रात्र बरी असूनही वरून गुन्वोरचे पाहुण्यांसाठी राखलेले पडदे पांघरवले.

"कुणाला काही सांगू नकोस," एवाल्डने सल्ला दिला. "फुलं आलीत, रुजलीत. तिला काय कळतंय? आयती लाज राखली गेलीय तुझी."

होल्गरला ते पटलं होतं. मिडसमरच्या आदल्या दिवशी तो गुन्वोरला आणायला उमेओला गेला तेव्हाही पटत होतं. परतीच्या सबंध वाटेवर ती बहिणीच्या स्वयंपाकाला नावं ठेवत होती आणि तो हं हं करत होता.

गाडीतून उतरल्यावर ती घरात गेलीच नाही. कुबड्या टेकत सरळ दक्षिणेच्या भिंतीकडे निघाली. होल्गर सुटकेस धरून मागे. काळ्या दगडांच्या रांगेमागे सहा रोपं ताठ उभी होती, पिवळी फुलं आलेली, आणि एकाला तर वाटाण्याएवढा हिरवा टोमॅटोही धरलेला.

"अगं बाई!" गुन्वोर म्हणाली. "माझीसुद्धा एवढी कधी झाली नव्हती. हे तू केलंस?"

तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघितला आणि होल्गरला तो आनंद फुकट घेववेना. त्याने सुटकेस खाली ठेवली.

"गुन्वोर, ही तुझी नाहीत. तुझी मी मारली. मेमध्येच बाहेर लावली आणि एका रात्रीत गेली सगळी. फोनवर रोज खोटं बोललो. ही दुसऱ्या कुणाची आहेत, मायकेनने सांभाळायला दिलीत. ते गिऱ्हाईक आलं की परत करायची आहेत. तुझ्या आईचं बी मी संपवलं गं."

गुन्वोरने एक कुबडी भिंतीला टेकवली, वाकून एक पान चुरडलं आणि बोटांचा वास घेतला.

"गिऱ्हाईक आलंय," ती म्हणाली.

होल्गरने वळून रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"तिकडे कुठे बघतोस? मार्चमध्ये डबीतलं चिमूटभर बी तुला न सांगता मायकेनकडे मीच देऊन ठेवलं होतं. म्हटलं, सहा रोपं लावून ठेव, लागतील."

आधी होल्गरच्या जिवात जीव आला. मग त्याला सगळा हिशेब लागला आणि नाकाचा शेंडा लाल झाला.

"म्हणजे तुझा माझ्यावर विश्वासच नव्हता!"

"असं कसं?" गुन्वोर त्याच्या दंडाला धरून पायरीकडे वळली. "पहिलं ऊन पडलं की तू ती बाहेर काढणार, यावर पूर्ण विश्वास होता. म्हणून तर सांगून ठेवली. खरं सांगशील की नाही, एवढीच धाकधूक होती."