मेव्हिस डेलारॉय काय बोलली

कंपनीच्या जाहिरातींनुसार मेव्हिस डेलारॉय एकोणीस वर्षांची, अविवाहित आणि व्हर्जिनियातल्या कुठल्याशा खानदानी घराण्यातली होती. प्रत्यक्षात ती अठ्ठावीस वर्षांची ॲगथा ब्रुनर होती, न्यू जर्सीतल्या एका टोपीवाल्याच्या दुकानात शिवणकाम करत वाढलेली. एकोणिसावं वर्ष तिला इतकं मानवलं होतं की बाई त्यातून बाहेर पडायचं नावच घेत नव्हती.

तिथल्याच फोर्ट लीच्या कड्यांवर मूकपटवाल्यांनी तंबू ठोकले, तेव्हा ॲगथा त्यांच्याकडे टोप्या शिवायलाच गेली होती. एके सकाळी घोड्याने नायिकेला खाली पाडलं, आणि टोपी हिच्या डोक्याला नेमकी बसते एवढ्यावर दिग्दर्शक कॉर्बेटने हिला त्याच घोड्यावर चढवलं. ही पडली नाही. झाली नायिका! मग नाव बदललं, वय बदललं, आणि एक अट घातली गेली: नवरा, मूल असली भानगड नको. लोक कुमारिकेसाठी पैसे टाकतात, लेकुरवाळीसाठी नाही.

नवऱ्याची अडचण नव्हती. तो कॅनडात लाकडं तोडायला गेला तो तिकडचाच झाला. अडचण होती मुलीची, लिडीची. तेव्हा ॲगथाची आई, म्हणजे ममा, म्हणाली, "त्यात काय मोठं? पोरगी आजपासून माझी. तू तिची बहीण." लिडी तेव्हा जेमतेम सात वर्षांची. त्याआधीच एका वाईट तापात तिचे कान गेले होते, आणि ॲगथा दिवसभर दुकानात असायची म्हणून पाळण्यापासून ममाच तिचं सगळं करत होती. लहान मूल, ऐकू येत नाही, तिला काय कळणार, असं दोघींनी स्वतःला समजावलं. आता लिडी अकरा वर्षांची झाली होती. ती नदीपलीकडे, न्यूयॉर्कमधल्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत राहायची आणि शनिवारी ॲगथा तिला घरी आणायची. लिडी तिला "ॲगी" म्हणून हाक मारायची. दर वेळी ॲगथाच्या काळजात काहीतरी टोचायचं, पण महिन्याचा पगार ते टोचणं बुजवून टाकायचा.

त्या वसंतात कॉर्बेटने एक रडका चित्रपट काढला. गरीब आई बर्फात अनाथाश्रमाच्या दाराशी बाळ ठेवून जाते, असा प्रसंग होता. बर्फ म्हणजे मीठ, बाळ म्हणजे उशी. ॲगथाला काही केल्या रडू येईना.

"अगं बाई, काहीतरी बोल!" कॉर्बेट ओरडला. "वाण्याची यादी म्हण! ऐकतंय कोण? तोंड हललं पाहिजे आणि डोळे वाहिले पाहिजेत."

ॲगथाने उशीकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "लिडी, मी तुझी बहीण नाही गं. मी तुझी आई आहे. मला माफ कर." मग असं रडू कोसळलं की कॅमेरा फिरवणारासुद्धा नाक पुसायला लागला. यंत्राच्या खडखडाटात शब्द कुणालाच ऐकू आले नाहीत. ॲगथाला हलकं वाटलं. चार वर्षांत प्रथमच ती हे मोठ्याने बोलली होती.

चित्रपट तुफान चालला. लिडीने तो पाहिला नव्हता, कारण ममाच्या मते पाच सेंटांच्या थिएटरात फक्त पिसवा आणि खिसेकापू बसतात. एक दिवस दुपारच्या जेवणाला कॉर्बेट मिशीला पीळ देत आला. "मेव्हिस, खूशखबर! तुझ्या त्या बहिणीच्या शाळेने चित्रपट मागितलाय. शनिवारी दाखवणार आहेत. म्हणतात, मुलांना फार आवडतात, शब्दाशब्दाने समजतात. तू ये, वर्तमानपत्रात छापून येईल."

ॲगथाचा चमचा सूपमध्येच राहिला. शब्दाशब्दाने! त्या शाळेत हातवाऱ्यांनी बोलायला बंदी होती. दिवसभर दुसरं काही नाही, समोरच्याचे ओठ वाचायचे. आणि पडद्यावर आपले ओठ केवढे मोठे दिसतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"तो दारातला तुकडा काप," ती म्हणाली. "त्या जागी मजकुराची पाटी घाल."

"त्या तुकड्यावर आपण सगळे जेवतोय! तुला वेड लागलंय का?"

घरी ममाने ऐकलं आणि कोबी चिरायची सुरी खाली ठेवली. "आधी सांगून टाक पोरीला. साऱ्या शाळेसमोर पडद्यावरून कळलं, तर ती तुझं तोंड बघणार नाही."

ॲगथा शनिवारी लवकर निघाली, सांगायचंच म्हणून. पण शाळेत तिला मुख्याध्यापिकेने धरलं, पुष्पगुच्छ दिला, पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. लिडी मागच्या रांगेत मैत्रिणींमध्ये होती. ती खुशीत हात हलवत होती. तिथे जाऊन काय सांगणार, कपाळ!

दिवे गेले. थोड्याच वेळात मुलं हसायला लागली. नायक रॉडनी गुडघ्यावर बसून प्रेमाची याचना करत होता आणि मुलं बाकांवर लोळत होती, कारण चित्रीकरणाच्या वेळी रॉडनी प्रत्यक्षात म्हणाला होता, "तुझ्या आईने आज पुन्हा कोबी शिजवलाय वाटतं." मुख्याध्यापिकेला ऐकू येत होतं, ओठ वाचता येत नव्हते; ती गोंधळली. एरवी ॲगथालाही हसू आलं असतं. आता ती पुष्पगुच्छाची पानं खुडत होती, कारण या पोरांच्या नजरेतून खरोखर एक अक्षर सुटत नव्हतं.

मग मीठ पडू लागलं. तिचा चेहरा पडदाभर झाला. ओठ हलले.

हसणं थांबलं. आधी एक डोकं वळलं, मग दुसरं, मग सगळीच. पडदा सोडून मुलं लिडीकडे बघत होती. ॲगथाला मागे वळायचा धीर होईना. देवा, हे काय करून बसले मी! मग जमीन हादरू लागली. मुलं पाय आपटत होती, त्यांची टाळी तीच. "बघितलंत, कलेची केवढी जाण!" मुख्याध्यापिका डोळे टिपत म्हणाली.

लिडी बाहेर आली, तिने कोट घातला आणि ती बोटीकडे पुढे चालू लागली. ॲगथाने दोनदा तिचा खांदा धरला. दोन्ही वेळा लिडीने तोंड फिरवलं, आणि जी बघतच नाही तिला सांगणार कसं? गेली पोरगी, ॲगथाला वाटलं. हातातून गेली.

फेरीबोट नदीच्या मध्यावर आली, तेव्हा लिडी तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मला माहीत होतं!" ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला कळत नसे, त्यामुळे ती बोलली की सगळ्या बोटीला ऐकू जायचं. "दोन वर्षांपासून! तू आणि ममा स्वयंपाकघरात भांडता, माझ्यासमोर. मला ऐकू येत नाही म्हणून काहीही बोलता. मला दिसतं की!"

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते! आणि तू कुणाला सांगितलंस? उशीला!"

बाकांवरचे लोक वळले. एका जाड्या गृहस्थाने वर्तमानपत्र खाली केलं. एरवी असं झालं की ॲगथा ओठांवर बोट ठेवून लिडीला गप्प करायची. आज तिचं बोट वर गेलंच नाही.

"तू माझी आई आहेस ना?" लिडी गरजली. रागाने तिचे गाल लाल झाले होते, पण हनुवटी थरथरत होती.

जाड्या गृहस्थाने टाळी वाजवली. "वा! मिस डेलारॉय! मी ओळखलं तुम्हाला. नव्या चित्रपटाची तालीम दिसतेय. पोरगी छान काम करते हं!" आसपासचे हसले, दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. सुटका अशी आयती समोर आली होती. नुसतं हसून मान डोलवली असती, तरी नोकरी शाबूत, एकोणिसावं वर्ष शाबूत. लिडी तिच्या ओठांकडे टक लावून बघत होती.

ॲगथाने आपला चेहरा उजेडाकडे केला.

"तालीम नाही, साहेब," ती सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "ही लिडी. माझी मुलगी. मी हिची आई आहे."

गृहस्थाच्या टाळ्या थांबल्या. ॲगथाला त्याचं काही वाटलं नाही. चार वर्षांचं ओझं खाली ठेवल्यासारखे तिचे खांदे सैल पडले आणि तिचा जीव भांड्यात पडला. उद्या कंपनीने हाकललं, तर टोप्या शिवायला येतच होत्या.

लिडी एक पाऊल पुढे आली आणि तिने दोन्ही हातांनी आईचा चेहरा पकडला, ओठ नीट दिसावेत म्हणून.

"परत म्हण," ती म्हणाली.