पोळ्याचा पंजा

गाडी दारात उभी राहिली आणि भिकुबाईचं डोकंच फिरलं. ब्रेक दुरुस्त करायचे म्हणून धुळ्याला नेलेली जुनी ऑस्टिन चोपड्याला परत आली ती चकाचक होऊन. आता सांगा, ब्रेकसाठी कुणी गाडी खरवडून काढतं का?

तिचा नवरा सुकदेव नाना, त्यानं जन्मभर ही गाडी लग्नांना भाड्यानं चालवली. ह्याच गाडीच्या फॅनबेल्टनं त्याचं एक बोट खाल्लं, तरी त्यानं कधी तिला शिवी घातली नाही. पोळ्याला लोक बैलांच्या पाठीवर गेरूचे पंजे उमटवायचे. नानाकडे बैल नव्हता, म्हणून तो गाडीला आंघोळ घालून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा. गेरू दरवर्षी पावसात धुऊन जातो म्हणून एकदा वैतागून त्यानं हात तांबड्या ऑइलपेंटात बुचकळला आणि गाडीच्या दारावर उमटवला. नाना गेला, पंजा राहिला. भिकुबाई रोज सकाळी पदरानं त्यावरची धूळ पुसायची.

आणि पोटच्या पोरानं, मोतीलालनं, तोच घासून टाकला! कशापायी? तर धुळ्याला जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरणार होतं. फॅक्टरीतून निघाली तश्शी करून आणली, म्हणे. भिकुबाईनं त्याला उभा-आडवा झोडला. अरे, फॅक्टरीतून निघालेली गाडी आपल्या घरी आलीच कधी? नानानं ती भंगारातून आणली होती. मग तिनं त्याच्याशी बोलणंच टाकलं.

आठवड्यानं मोतीलाल हसत आला आणि हाताला धरून तिला अंगणात घेऊन गेला. दारावर तांबडा पंजा होता, अगदी जुन्या जागी. पेंटरला सांगून उमटवून घेतला, आता तरी राग सोड, म्हणाला.

भिकुबाई जवळ गेली. पंज्यावरून बोट फिरवता फिरवता थांबली.

"हाऊ कोना हात शे?"

पेंटरचाच असेल, म्हणाला तो.

"तुना बापले चारच बोटे व्हतात."

मोतीलालचं हसू तिथंच गेलं. त्याच तुटक्या बोटाचा खुंट धरून तो चालायला शिकला होता, आणि मेल्याला तेवढंही आठवलं नाही!

भिकुबाईनं घासलेटात बोळा भिजवला आणि परक्याचा पंजा घासायला लागली. खालचा नवा रंगही निघत होता. निघू दे.