डावीकडे आप्पांची हवा

मी टायर बोलतोय. आमचं बोलणं माणसं ऐकतात ती आम्ही फुटल्यावर, तोपर्यंत नाही. हे माहीत असूनही बोलतोय, कारण आता अगदीच राहवत नाही.

माझा जन्म चिखलासाठी झाला. साच्यातून बाहेर पडलो तेव्हाच अंगावर जाडजूड गट्टे होते. काळ्या रानात रुतलेली गाडी बाहेर काढायची, हे माझं काम. मांडवगण फराट्याच्या धम्मदीपनं जुनी जीप घेतली आणि तिचे चांगले साधे टायर उतरवून आम्हा भावंडांना चढवलं. मी पुढचा, उजवीकडचा. म्हणजे चालवणाऱ्याच्या पायाखालचा.

आणि चिखल किती पाहिला म्हणाल? एकदा चुलत्याची उसाची ट्रॉली ओढली, एकदा नदीच्या पात्रात उतरून व्हिडिओ काढला. बाकी सगळं आयुष्य डांबरावर. शिरूरचा बाजार, शिक्रापूरची कंपनी, दौंडचं स्टेशन. मी डांबरावर घोंघावतो म्हणून धम्मदीपला फार कौतुक. लोक वळून बघतात ना!

डांबराबद्दल माझी तक्रार नाही. हवा बरोबर असेल तर मी डांबरावरही इमानानं चालतो. पण हवा! इथंच सगळं घोडं पेंड खातं.

धम्मदीपचे वडील चांगदेव आप्पा. उभी हयात उसाच्या ट्रकवर गेलेली. त्यांचं शास्त्र एकच. मला लाथ घालायची आणि म्हणायचं, "टायर दगडावानी पायजे. मऊ टायर डिझेल खातो." धम्मदीपचं शास्त्र मोबाइलमधलं. तिथं कुणीतरी वाळवंटात गाडी चालवत सांगतं, की जाड टायरची हवा कमी ठेवा, पकड येते. अरे बाबा, तो वाळूत आहे, तू न्हावऱ्याच्या रस्त्यावर आहेस! पण ऐकतो कोण.

फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानात या दोघांची जुंपायची. दुकानदार रामसूरत पाइप हातात धरून ताटकळायचा. "कितना डालूँ, दादा?"

आप्पा म्हणायचे पंचेचाळीस, धम्मदीप म्हणायचा अठरा. दरवाजाच्या कडेला कंपनीनं आकडा छापून ठेवलाय, तिकडं दोघांपैकी एकाचीही मान वळली नाही. शेवटी एका रविवारी धम्मदीप वैतागला. बापाचं मन मोडवत नव्हतं आणि स्वतःचा हेका सोडवत नव्हता.

"असं कर," तो रामसूरतला म्हणाला, "आप्पा बसत्यात त्या बाजूला आप्पांची हवा टाक. माझ्या बाजूला माझी."

रामसूरतनं एकदा धम्मदीपकडं पाहिलं, एकदा आप्पांकडं. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही हे त्याचं शास्त्र. त्यानं टाकली! डावीकडचे दोघे दगडासारखे टणक, उजवीकडचे आम्ही दोघे भिजलेल्या भाकरीसारखे. बापलेक खूश होऊन चहाला गेले. मी तिथंच कपाळावर हात मारला असता, पण मला ना कपाळ ना हात.

तेव्हापासून जीप उजवीकडं ओढायला लागली. समोरून गाड्या येतात त्या बाजूला, लक्षात घ्या. धम्मदीप स्टिअरिंग दाबून धरायचा आणि मित्रांना सांगायचा, "मोठे टायर हायेत, जरा ओढत्यातच." म्हणजे तेही कौतुकातच गेलं.

आता खरी गोष्ट. धम्मदीपची बायको तेजश्री शाळेत बाई आहे. तिची बदली नदीपलीकडं, दौंड तालुक्यात झाली. शाळेच्या वेळेला तिकडं एसटी नाही. मग ती गाडी शिकली, रीतसर शिकली, लायसन काढलं. हात सफाईदार, घाई नाही, गिअर कधी कुरकुरला नाही. माझ्या अंगावर बसून इतकी नीट गाडी कुणी चालवली नव्हती.

पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "आप्पा, गाडी उजवीकडं ओढती."

आप्पा हसले. "नाचता येईना आंगण वाकडं!"

"धम्मा चालवतो तवा ओढत न्हाई व्हय?"

"त्याच्या हातात जोर हाय, पोरी."

एवढं बोलून विषय संपला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. मी खाली ओरडत होतो. वाटेत माझ्या कडा तापायच्या, अंग दुमडायचं. पण माझं ओरडणं म्हणजे घोंघावणं, आणि घोंघावण्याचं तर या घरात कौतुक.

मग एके दिवशी भीमेच्या पुलाअलीकडं समोरून उसाची ट्रॉली आली. तेजश्रीनं वेळेवर ब्रेक लावला. टणक भाऊ एका बाजूनं घसरले, मी दुसऱ्या बाजूनं रुतलो, आणि जीप थेट ट्रॉलीकडं वळली. बाईनं दातओठ खाऊन ती परत ओढली. उसाची पानं आरशाला घासून गेली. मी टायर आहे, मला भीती कशाची? पण त्या क्षणी भ्यायलो. तिच्यासाठी भ्यायलो.

शेजारी बसलेल्या आप्पांनी घरी येताच किल्ली काढून धम्मदीपच्या हातात दिली. "बाईच्या हाताला ही गाडी बसायची न्हाई. नोकरी गेली तरी चालंल, जीव जायला नको."

धम्मदीप म्हणाला, "आप्पा बरोबर बोलत्यात. सोड गाडी."

तेजश्री गाडीतून आपली पिशवी काढायला गेली. डॅशबोर्डवर खडूचा एक तुकडा राहिला होता, तो घरंगळून उजव्या कोपऱ्यात गेलेला. तिनं तो डावीकडं ठेवला. तो पुन्हा घरंगळत उजवीकडं आला. अंगण तर सिमेंटचं, सपाट. ती थबकली. खाली उतरली, मागं सरकून जीपकडं पाहत राहिली, मग माझ्यासमोर उकिडवी बसली.

"आता टायरलाच इचारते," ती म्हणाली.

एवढ्या दिवसांत मला विचारणारं पहिलं माणूस! तिनं माझ्या अंगावर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूचा जाड पट्टा ओढला, तसाच डाव्या भावावर ओढला. धम्मदीपकडून किल्ली मागितली नाही, त्याच्या हातातून घेतली. विहारासमोरच्या सिमेंटच्या रस्त्यावर जीप सरळ नेली, आणली आणि दोघांना हाक मारली.

माझ्या कडांचा खडू पुसला होता, मधला तसाच. भावाचा मधला पुसला होता, कडांचा तसाच.

"ह्यो कडांवर चालतोय, त्यो पोटावर," तेजश्री म्हणाली. "एकाच गाडीला दोन हवा कुणी भरल्या?"

अंगण खरंच वाकडं होतं, आणि वाकडं करणारे समोर उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही गार असताना, तिनं दरवाजावरचा आकडा वाचला. बत्तीस. धम्मदीपचा हौसेनं आणलेला पंप पहिल्यांदाच कामाला लागला. हवा भरली, खडू ओढला, थोडी कमीजास्त केली, पट्टा सगळीकडं सारखा पुसेपर्यंत. मग ती शाळेत गेली, एकटी. जीप सुतासारखी सरळ.

माफी? छे! पडलो तरी नाक वर. धम्मदीप कंपनीत सांगतो, बायकोला गाडी मीच शिकवली. आप्पा अजून टायरला लाथ घालतात, फक्त घालण्याआधी इकडंतिकडं बघतात.

माझ्या कडा मात्र तोवर झिजून गेल्या होत्या. त्या काही परत येत नाहीत. म्हणून मला काढून स्टेपनी केलं. आता मी जीपच्या पाठीवर टांगलेला असतो आणि मागं पळणारा रस्ता बघत तेजश्रीबाईंसोबत रोज शाळेत जातो.

पण एक सांगू? चारही टायरांना बाई दर सोमवारी खडू लावतात, हवा बघतात. माझ्याकडं अजून एकदाही आल्या नाहीत. स्टेपनीची हवा बघायची असते, हे या तालुक्यात कुणाच्या गावी नाही, बाईंच्याही नाही. रोज थोडी थोडी कमी होतेय.

बाई, एकदा मागं या. तुमच्या हाताला लागलेला बोल मोठ्या मुश्किलीनं पुसलाय. उद्या भीमेच्या पुलावर पंक्चर झालं आणि तुम्ही मला उतरवलंत, तर मी तुम्हाला मऊ सापडायला नको. कारण त्या दिवशीही हे दोघं माझ्याकडं बघणार नाहीत. तुमच्या हाताकडंच बघतील.