काखेतला सूड

मित्रांनो, मी एक जुनी कुबडी आहे, आणि मी एका माणसाचा उजवा हात मारायला निघाले होते. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला माझा उगाच कळवळा यायला नको.

ऱ्होडोपीच्या डोंगरात ओंडका घसरून फिदानचा उजवा पाय गेला, तेव्हा गावच्या सुताराने मला तुतीच्या लाकडातून घडवले. फिदानची बायको शिना हिने माझ्या माथ्यावर मेंढीच्या लोकरीची जाड गादी शिवली. मला काखेत घेऊन तो पहिल्यांदा अंगण ओलांडून गेला, तेव्हा शिना रडली. मला वाटले, आता या घरात माझ्याहून मोठे कोणी नाही.

पण घरात माझी सवत होती. गायदा! बकऱ्याच्या कातड्याची फुगीर पिशवी आणि तिला लावलेला पावा. फिदान तिला डाव्या काखेत दाबून वाजवायचा आणि अख्खे लग्न नाचायला लागायचे. आमच्याकडे वादक बसून वाजवत नाही. बसला तर लोक म्हणतात, म्हातारा झाला. म्हणून फिदान उभा राहायचा. दोन्ही हात सवतीवर आणि सगळा देह उजव्या काखेतून माझ्यावर, तासन्‌तास. वाजवणे संपले की लोक गायदेचे मुके घ्यायचे आणि मला बाकाखाली ढकलून द्यायचे.

पुढे गायदेची पिशवी त्याच्या बरगड्यांना घासू लागली. तर या गृहस्थाने माझ्या माथ्यावरची लोकर उसवली आणि त्या पिशवीखाली लावली!

"लाकडाला काय करायचीय गादी?" तो शिनाला म्हणाला.

त्याच दिवशी मी ठरवले, दाखवतेच याला.

मला फार काही करावे लागले नाही. तो टेकला की मी दाबायचे. काखेतून हाताला रक्त नेणारी मोठी धमनी असते. उघड्या लाकडाने मी ती बारा वर्षे चेपली. ती आतून खराब झाली, फुगली, तिच्यात रक्ताच्या गुठळ्या धरल्या आणि त्या सुटून बोटांकडे गेल्या. एका लग्नात त्याचे बोट पाव्याच्या भोकावर नीट बसेना. सूर फाटला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! संध्याकाळपर्यंत बोटे निळी, थंडगार पडली.

शहरातल्या इस्पितळात डॉक्टर झेलेवाबाईंनी तपासून विचारले, "आजोबा, कुबडी काखेत रुतवून उभे राहता ना?"

"मग काय बसून वाजवू? मी वाजवायला जातो, जेवायला नाही!"

"ऐका. हाताचं रक्त अडलंय. आज काही केलं नाही तर हात कापावा लागेल."

शिनाने माझ्याकडे बोट दाखवले. "ही अवदसा! घरी गेल्यावर चुलीतच घालते हिला."

"तिला बोलू नकोस," फिदान म्हणाला. "सगळं अंग मीच टाकलं तिच्यावर. दमलीस का म्हणून कधी विचारलं का मी?"

मी भिंतीला टेकून ऐकत होते. हे आता सुचले याला! मला त्याचा आणखीच राग आला.

मला वाटले, आता खांदा चिरतील, गळ्याजवळचे हाड कापतील. पण बाईंनी कोपराजवळ एक बारीक भोक पाडले. त्यातून तारेवरून नळी सरकवली, पडद्यावर बघत काखेपर्यंत नेली, गुठळ्या ओढून घेतल्या आणि खराब जागी कापडाने मढवलेली जाळीची नळी आतून बसवली. फिदान जागाच होता. नंतर त्याने हे शिनाला इतक्यांदा सांगितले की मला पाठ झाले. माझा बारा वर्षांचा सूड दीड तासात फुकट गेला.

बाईंनी बजावले, "कुबडीचा माथा काखेला लागता कामा नये. भार तळहातावर घ्यायचा. आणि आजोबा, वाजवायचं ते बसून!"

घरी शिनाने करवत घेतली आणि माझा पाय तीन बोटे कापला. मनापासून कापला. आता फिदान लग्नात खुर्चीवर बसतो, लोक म्हातारा म्हणून चिडवतात, तो हसतो. चालताना मात्र त्याचा सगळा भार माझ्या आडव्या दांडीवर असतो, उजव्या मुठीत. ज्या हाताला मी मारायला निघाले होते, तोच हात मला धरतो.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी कुबडी वापरत असेल, तर ती काखेत रुतत नाही ना, एवढे बघा. आम्ही फार दिवस मनात ठेवतो. माझाही राग अजून गेलेला नाही. पण रोज सकाळी तो हात दांडीवर येतो, चांगला गरम असतो, आणि मग मला माझीच लाज वाटते.