बारदानातलं बी

दत्तात्रेयानं अंगणात ओलं बारदान पसरलं होतं आणि तो त्यावर सोयाबीनचं एकेक बी मांडत बसला होता. शंभर बी मोजून घ्यायचं, बारदानाची सुरळी करायची, आठवडाभर ओली ठेवायची आणि मग किती उगवलं ते बघायचं. धारवाडकडच्या कलघटगीच्या आसपास कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तपासल्याशिवाय बी रानात टाकणारा खुळाच. दत्ता खुळा नव्हता. दरसाल हे काम तो देवपूजेपेक्षा मन लावून करायचा.

उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेली त्याची बायको रोहिणी मात्र बोटांच्या पेरांवर दिवस मोजत होती. आज सत्तेचाळिसावा.

लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि कूस अजून उजवली नव्हती. तिची पाळी एकोणतीस दिवसांची, कधी म्हणून चुकायची नाही. गेल्या चार महिन्यांत सगळं तंत्रच बिघडलं. एकदा विसाव्या दिवशी आली, मग चाळीस दिवस पत्ताच नाही, आणि आता हे सत्तेचाळीस. कशानं झालं असेल याचा रोहिणीला मनातून अंदाज होता, पण सांगणार कुणाला? शेजारच्या कौसल्याक्कानं हुबळीहून एक पावडरीचा डबा आणून दिला होता. बायकांना ताकद येते, महिन्यात दिवस जातात, असं ती छातीठोक सांगायची. महिना गेला, काही झालं नाही, तशी रोहिणी एकाचे दोन चमचे घ्यायला लागली. वर त्याच दुकानातल्या लाल गोळ्या. डबा तिनं जोंधळ्याच्या कणगीत दडवला होता. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय.

आणि तिनं घाई का करू नये? हुबळीच्या कमरीपेठेतल्या चुलतसासऱ्यानं दत्तासाठी दुसरी पोरगी हेरून ठेवली होती. "पेरणी होऊ दे, मग बघू," असं सासू अनुसयाबाई फोनवर त्याला म्हणाली, ते रोहिणीनं भिंतीआडून ऐकलं होतं.

त्या घरात पाळी आलेली बाई तीन दिवस चुलीला शिवत नसे. त्यामुळं सुनेचा महिना सासूला तोंडपाठ. एवढे दिवस सून चुलीपासून हलली नाही म्हटल्यावर अनुसयाबाईचे पाय जमिनीला लागेनात. सुनेला एका शब्दानं न विचारता तिनं येत्या शुक्रवारी ओटी भरायला पाच सवाशिणींना सांगावा धाडला. गेले तीन महिने रोज सकाळी पेलाभर दूधही ती स्वतःच्या हातानं देत होती. दुधाला कडवट वास का येतो, हे विचारायची रोहिणीची छाती झाली नाही.

"आत्ती, अजून डाक्टरकडं गेलो न्हाई. एवढ्यात बायका कशाला?" एकदा तिनं सासूला म्हणून बघितलं.

"अभद्र बोलू नगंस. चार बाळंतपणं काढल्यात मी. डाक्टर काय मला शिकिवणार?"

शुक्रवार उजाडला. पुरण वाटता वाटता रोहिणीच्या ओटीपोटात कळ आली आणि बघता बघता साडी भिजली. डोळ्यांपुढं अंधारी येऊन ती पाट्यापाशीच बसली. नेमक्या त्याच वेळी खण-नारळ घेऊन बायका दारात उभ्या. अनुसयाबाईनं साडी बघितली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. बायका एकमेकींकडं बघत, नारळ पदराआड घेत आल्या पावली माघारी गेल्या. गल्लीच्या तोंडाला पोचेपर्यंत त्यांची कुजबुज सुरू झालीसुद्धा.

टमटम बोलावून सासू सुनेला कलघटगीला घेऊन गेली. निघताना रोहिणीनं कणगीत हात घालून डबा पिशवीत टाकला. जीव गेला तर जावो, पण आता लपवायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दिवस गेलेच नव्हते. मग त्यांनी कानडीत विचारलं, काय काय औषधं चालू आहेत? काही नाही, घरचं जेवण, असं सासूनं सांगून टाकलं. रोहिणीनं डबा आणि गोळ्या टेबलावर ठेवल्या.

"आत्ती, मी चोरून खाल्लालो हे."

सासू आता उखडणार, म्हणून तिनं मान खाली घातली. पण अनुसयाबाईनं कनवटीची एक पुडी काढून डब्याशेजारी ठेवली. कुणा झाडपाल्यावाल्याची मुळी होती. तीन महिने ती दुधातून घालत होती.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. या डब्यात काय आहे ते कुठं लिहिलेलंच नाही, पुडीचं तर देवालाच ठाऊक, त्या म्हणाल्या. पाळी कशानं बिघडली ते रक्त तपासल्यावर बघू, पण आधी हे सगळं बंद. मूल हवंय ना, मग फॉलिक ॲसिडची ही एकच गोळी रोज घ्यायची. चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "नवऱ्याची तपासणी केव्हा केली?"

ती केलेलीच नव्हती, तेव्हा त्यांनी दुसऱ्या चिठ्ठीवर दत्ताचं नाव लिहून सोमवारी पाठवायला सांगितलं.

घरी आल्या तेव्हा दत्तानं बारदान उलगडलं होतं. शंभरातलं अडतीस उगवलं होतं. बी विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. "रान माझं सोन्यासारखं हाय," तो तणतणत होता, "बीच हलकं. गाडीभर खत घाटलं तरी काय उगवणार हाय?"

अनुसयाबाई तिथंच थबकली. मग तिनं डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी त्याच्यापुढं बारदानावर ठेवली.

"सोमवारी कलघटगीला जायाचं. तुझी तपासणी हाय."

"माझी? मला काय धाड भरलीया?"

"तेच बघायचं हाय. दरसाल शंभर मोजून बघतोस न्हवं? पाच वर्सं हिच्या पोटात ज्यानं त्यानं खत वतलं. मीसुद्धा वतलं. बी कुणी तपासलं?"

दत्ताचं तोंड लालभडक झालं. लोक काय म्हणतील, असं काहीतरी तो पुटपुटला.

"लोकं आज दारातनं नारळ माघारी घेऊन गेली. आता म्हणायचं काय ऱ्हायलंय? आणि कमरीपेठेला मी कळीवतो, पोरगी बघायचं बंद करा म्हणून."

दत्तानं चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोहिणी पडवीत वेगळी बसली होती. अनुसयाबाई नेहमीसारखा दुधाचा पेला घेऊन आली. एरवी या तीन दिवसांत ती पेला दुरून सरकवायची. आज शेजारी येऊन टेकली. रोहिणीनं पेला हातात घेतला, पण तो तोंडाला लागेना. ती नुसतीच आत बघत राहिली.

सासूनं तिच्या हातातून पेला काढून घेतला, त्याला तोंड लावून दोन घोट घेतले आणि परत तिच्या हातात दिला. "नुसतं दूध हाय," ती म्हणाली.

मग रोहिणी ते उष्टं दूध प्याली.